'स्लो डाऊन'च्या उलट काय म्हणायचं?

प्रश्न: रंकाळ्याजवळ ड्रायव्हिंग शिकवतो. सध्या एक परदेशी पाव्हणं आलंय. 'स्लो डाऊन' म्हटलं की ब्रेक दाबतंय. पण ताराराणी चौकात सिग्नल सुटला, मागनं हॉर्नचा कालवा, आणि हे गोगलगायीगत. 'वेग वाढव' कसं सांगू?

उत्तर: 'स्पीड अप', भावा. 'अ‍ॅक्सिलरेट'पण चालतंय, बोलायला जरा जड. नुसतं 'स्पीडिंग' म्हणजे मात्र मर्यादा मोडून पळवणं, दंडाचं काम!

उत्तर: 'हरी अप' माणसाला, 'एक्स्पिडाइट' अडकलेल्या फायलीला. आणि त्यानं 'स्लो अप' म्हटलं तर फसू नका. 'अप' असलं तरी अर्थ हळू करणं हाच.

प्रश्नकर्ता: इंग्रजी पण आपल्यासारखंच येडं हाय की! 'स्पीड अप' डॅशबोर्डवर चिकटवलंय. खाली 'क्लच सोड की लेका'.