काचबिंदू : आपले आणि घरच्यांचे अनुभव

काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू निकामी होते आणि गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदू काढला की लख्ख दिसू लागते, हे पाहत आलेल्या आपल्या घरांत ही गोष्ट पटायला वेळ लागतो. निदान कसे झाले आणि उपचार कसे चालले आहेत, ते सविस्तर लिहावे. मात्र येथे वाचून कोणी आपले औषध बदलू नये.

निवृत्त शिक्षक, सातारा : वडील अखेरपर्यंत वर्तमानपत्र वाचत होते, त्यामुळे पायरी चुकणे किंवा बाजूने आलेली दुचाकी न दिसणे हे वयाचेच वाटे. समोरच्या बिंदूवर नजर ठेवून कडेला दिवा चमकला की बटण दाबायचे, अशा दृष्टिक्षेत्र तपासणीत दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीच गेल्याचे दिसले. सख्ख्या नात्यात धोका वाढतो म्हणून डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही बोलावले. माझा डोळ्याच्या आतला दाब (जो वाढला की नसेला इजा होऊ शकते) १९ मिमी पारा निघाला, म्हणजे १० ते २१ या नेहमीच्या मर्यादेत. तरीही ओसीटीत, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांच्या स्कॅनमध्ये, नसेचा थर पातळ दिसला आणि उपचार सुरू झाले. शिबिरात नुसता दाब मोजून निर्धास्त होणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

गृहिणी, डोंबिवली : सासूबाईंना दमा असल्याने डॉक्टरांनी टिमोलॉल हे डोळ्याचा दाब उतरवणारे थेंब टाळून त्याच कामाचे, रात्री एकदाच घालायचे लॅटानोप्रॉस्ट दिले. त्याने पापण्यांचे केस लांब आणि काळे झाले, याचे त्यांना थोडे कौतुकच आहे! थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे दाबायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. पुढे दुसरे औषध वाढले, तेव्हा दोन थेंबांत पाच मिनिटांचे अंतर ठेवायला सांगितले.

बँक कर्मचारी, नागपूर : मावशीचा प्रकार वेगळा, डोळ्याचा दाब अचानक वाढण्याचा होता. एका रात्री डोळा लाल होऊन असह्य दुखू लागला, उलट्या झाल्या आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली. पित्ताची गोळी न देता थेट नेत्रतज्ज्ञाकडे नेले, म्हणून नजर वाचली. नंतर दुसऱ्या डोळ्यातही तसे होऊ नये म्हणून त्यालाही लेझर केले.

एक पालक, कोल्हापूर : मुलाचे डोळे ॲलर्जीने सतत खाजत. जुन्याच चिठ्ठीवर औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब वारंवार मिळत गेले आणि त्यांनीच दाब वाढला. ते बंद केल्यावर दाब उतरला आहे, तरी नसेची तपासणी चालूच आहे.