परदेशी कंपनीला देशी भागीदार हवा की पूर्ण मालकी?

हिंगणा_वर्कशॉप: नागपूरच्या मिहानमधल्या दसॉ-रिलायन्सच्या कारखान्यात (दसॉ म्हणजे राफेल लढाऊ विमानं बनवणारी फ्रेंच कंपनी) 2017 साली रिलायन्सचे 51 टक्के होते, दसॉचे 49. 2025 मध्ये दसॉ 51 वर गेली. मला हे पटलेलं नाही. देशी भागीदाराचा शब्द चालतो तिथेच आपली माणसं धंदा शिकतात. हिरो होंडात दोघांचे 26-26 टक्के होते. होंडा बाहेर पडली तेव्हा कारखाने आणि विक्रेत्यांचं जाळं हिरोकडे राहिलं. पूर्ण मालकीची कंपनी गेली की मागे नुसती शेड उरते.

धरमपेठ_सीए: इंजिनाचं तंत्र कुणाकडे राहिलं, तेही सांगा ना. 1984 पासून भागीदारी, आणि 1999 मध्ये होंडाने इथेच स्वतःची शंभर टक्के मालकीची कंपनी काढली. नवं तंत्र ती भागीदाराच्या हाती कशाला देईल? 49 टक्के वगैरे आकडे बहुतेकदा कायदा ठरवतो. संरक्षण उत्पादनात 2017 साली 49 च्या वर जायला सरकारची मंजुरी लागायची. 2020 मध्ये मंजुरीशिवाय 74 पर्यंतची वाट मोकळी झाली. मारुतीत सुझुकीने 26 टक्क्यांनी सुरुवात केली, 2002 मध्ये ताबा घेतला. म्हणून सुटे भाग करणारे आपले कारखानदार बुडाले का?

मनीषनगर: परदेशी कंपन्या बाहेर पडायची सोयही बघतात हो. डोकोमो या जपानी मोबाइल कंपनीने टाटांशी करार करतानाच, बाहेर पडताना हिश्शाची किमान किंमत किती मिळेल ते लिहून घेतलं होतं. 2014 मध्ये पैसे मागितले तर रिझर्व्ह बँकेचे नियम आडवे आले. प्रकरण लंडनच्या लवादात गेलं, पैसे 2017 मध्ये मिळाले. हे पाहिलेला माणूस भागीदार कशाला शोधेल?

हिंगणा_वर्कशॉप: सीएसाहेब, सुटे भाग मीच करतो. आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीत देशी भागीदार होता तोवर खरेदीचा साहेब इथे बसायचा. ड्रॉइंगमध्ये अडलं की समोर बसून सोडवायचो. भागीदाराने हिस्सा विकला आणि खरेदी परदेशातल्या ऑफिसात गेली. आता नमुना कुरिअरने पाठवतो, दीड महिन्याने ‘नापास’ एवढंच उत्तर येतं. काय चुकलं ते विचारायला माणूस नाही.

धरमपेठ_सीए: तुमचं दुखणं खरं आहे. पण त्यावर उपाय खरेदीच्या अटीचा आहे, हिश्शाचा नाही. एकाच ब्रँडच्या दुकानांत परदेशी हिस्सा 51 टक्क्यांच्या वर गेला तर 30 टक्के माल भारतातून घ्यावा लागतो.

हिंगणा_वर्कशॉप: ती अट दुकानांना आहे. माझं गिऱ्हाईक कारखाना आहे.