किलिनोच्चीला कामासाठी जातेय, कोणी राहिलंय का तिकडे?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट, वाईची. एका संस्थेकडून चार महिन्यांसाठी श्रीलंकेच्या उत्तरेला जातेय, कृत्रिम पाय बसवलेल्या लोकांसोबत काम आहे. युद्ध २००९ मध्येच संपलं, तरी आईचं रोज 'सुरुंग, सुरुंग' चालू आहे. तमिळ शून्य. काय लक्षात ठेवू?

ओळंबा:
ताई, मी २०१३ मध्ये तिकडे होतो, भारत सरकारच्या घरबांधणी योजनेवर साइट इंजिनिअर. घरटी साडेपाच लाख (त्यांचे रुपये), हप्त्याहप्त्याने थेट कुटुंबाच्या खात्यात. घर ज्याचं त्याने बांधायचं, आम्ही फक्त ओळंबा लावून बघायचं आणि सही करायची.

आईंना सांगा, कवटीची लाल पाटी दिसली की तिकडे फिरकायचं नाही, आणि कितीही घाईची लागली तरी मळलेली वाट सोडून झुडपात शिरायचं नाही. बाकी ए-९ रस्ता आपल्याकडच्या कित्येक रस्त्यांपेक्षा बरा. जाफन्याची रेल्वेही २०१४ पासून परत सुरू झाली, रूळ आपल्याच इरकॉनने (भारत सरकारची रेल्वे-बांधकाम कंपनी) टाकलेत.

सुरुंगापेक्षा मला फॉर्मने जास्त अडवलं. पहिलाच रकाना: घरात माणसं किती? एका अम्मांनी पाच बोटं दाखवली. अंगणात त्या आणि एक नात, एवढीच. मी 'दोन' लिहिलं. अम्मांनी पेन खाली ठेवलं, सहीच करेनात. दुभाष्या पोरगा हळूच म्हणाला, "सर, तिघं यायची आहेत." मुलगा, सून आणि धाकटा. युद्ध जिथे संपलं त्या मुळ्ळिवायक्कालला, शेवटच्या दिवसांत ताटातूट झाली, नंतर पत्ता नाही. मी दोन खोडून पाच केलं. यादीशी आकडा जुळेना म्हणून ऑफिसात बोलणी खाल्ली, ते सोडा. पुढे भिंती चढताना अम्मांनी मागची खोली दोन फूट वाढवून घेतली. नवरा-बायकोला पुरायला नको? वाढीव सिमेंट ब्लॉकचे पैसे कोंबड्या विकून घातले. अशाच आया २०१७ पासून किलिनोच्चीत रस्त्याकडेला फोटो घेऊन बसल्या.

म्हणून पहिल्या भेटीत 'घरी कोण कोण असतं' विचारू नका. तिसऱ्या-चौथ्या चहाला आपणहून सांगतात. चहा बिनदुधाचा, वर ताडगुळाचा खडा हातावर देतात. तो चावत प्यायचा, कपात टाकलात तर हसतील. (मी टाकला होता.)

अड्यारची_मावशी:
चेन्नईत बावीस वर्षं काढली म्हणून आगाऊपणा. 'काल' म्हणजे पाय, 'मेदुवा' म्हणजे हळू. 'दुखतंय का'ला आम्ही इथे 'वलिक्कुदा?' म्हणतो, जाफन्याकडे मात्र 'नोगुदा?' कानावर पडेल. मोठ्यांशी बोलताना शेवटी 'ंगो' लावतात: वांगो, इरुंगो. या, बसा. पहिल्यांदा ऐकून मला भरलं वांगं आठवलं होतं.

कृष्णाकाठ:
मावशी, वहीत उतरवलं. ओळंबा दादा, संस्थेचा पेशंट-फॉर्म आत्ताच उघडून बघितला. तिसरा प्रश्न तोच आहे. आणि त्याला स्टार आहे, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

ओळंबा:
मग त्या म्हणतील तो आकडा टाका. तुमच्या ऑफिसात आधीच सांगून ठेवा, म्हणजे माझ्यासारखं व्हायचं नाही. आणि छत्री न्या, तिकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर.