अंदमानात पाण्याखाली उतरायचे आहे : एका दिवसाची डाइव्ह की पूर्ण कोर्स?

लोकमान्यनगरकर, इंदूर :

नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीत मी (वय ४८), पत्नी (४५) आणि अकरावीतली मुलगी (१६) असे आम्ही तिघे इंदूरहून सात रात्रींसाठी अंदमानला जात आहोत. त्यांपैकी चार रात्री हॅवलॉक बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपावर, मुक्काम आहे. मुलीला स्कूबा डायव्हिंगचा पूर्ण कोर्स करायचा आहे. मला एकदा प्रवाळ जवळून पाहायला मिळाले तरी पुरे आहे. पत्नीला पोहता येत नाही. महेश्वरच्या घाटावरसुद्धा ती शेवटच्या दोन पायऱ्या सोडूनच बसते. पण या वेळी ‘मीही उतरणार’ असे तिनेच म्हटले आहे आणि तिचा हा उत्साह मला विरू द्यायचा नाही.

अडचण अशी की, सहल ठरवून देणारे गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला ‘काही होत नाही’ एवढेच उत्तर देतात. पोहता येत नसले तरी चालते, पाच मिनिटांत सगळे शिकवतात, असे ते म्हणाले. आमची डाइव्ह त्यांनी शेवटच्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बेला ठेवली आहे आणि त्याच दुपारी परतीचे विमान आहे. मला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे हे सांगितल्यावर, ‘तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे नाही लिहा, नाहीतर उगाच डॉक्टरचा कागद मागतात’ असा सल्ला मिळाला आणि तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निळाई :

दादा, सर्वांत आधी ते दुपारचे विमान बदला किंवा ती डाइव्ह अलीकडे घ्या. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेतल्यामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमान वर गेल्यावर आतला दाब २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी होऊ शकतो आणि अशा वेळी तोच नायट्रोजन रक्तात व सांध्यांत बुडबुड्यांच्या रूपाने सुटण्याचा धोका असतो. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास आणि लागोपाठ अनेक दिवस केल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. मी स्वतः पूर्ण दिवस सोडते. हॅवलॉक आधी आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) शेवटी असा क्रम लावलात, तर शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी आपोआप मोकळा मिळेल. मराठी माणूस तिथून तासाभरात बाहेर पडत नाही, हे सहल आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आता वहिनींबद्दल. ‘पोहता येत नसले तरी चालते’ हे अर्धेच खरे आहे. एका दिवसाच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुमच्या पाठीवरच्या सिलिंडरला धरून सोबत असतो, खोलीची मर्यादा १२ मीटर असते आणि नवख्यांना बहुधा त्याच्याही बरेच वर ठेवतात, त्यामुळे तिथे पोहण्याची परीक्षा घेत नाहीत. परंतु पाण्याची भीती आणि पोहता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या व्यक्तीला तोंड पाण्यात घालून तोंडाने श्वास घेण्याची सवय नाही, ती डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरले तरी बिथरते आणि वर धाव घेते. खरा धोका त्या धाव घेण्यात आहे, विशेषतः श्वास रोखलेला असेल तर. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा छातीत कोंडून वर आलात तर ती वाटेत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा करते. म्हणून ‘श्वास कधीही रोखायचा नाही’ हा पहिला नियम आहे. इंदूरहून निघण्यापूर्वी पंधरा दिवस वहिनींना एखाद्या तरणतलावाच्या उथळ बाजूला घेऊन जा. पोहणे आले नाही तरी चालेल. छातीभर पाण्यात मास्क लावून, स्नॉर्केल (वरचे टोक पाण्याबाहेर राहणारी श्वासाची नळी) तोंडात धरून, दहा मिनिटे शांतपणे श्वास घेता आला पाहिजे. (जाता जाता : इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि डायव्हिंगच्या शास्त्रात तीनशे मीटरच्या वरचे पाणी ‘उंचावरचे’ मानून त्याचे हिशेब वेगळे करतात. आपला घरचा तलावसुद्धा त्या दृष्टीने डोंगरावरचाच आहे, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली होती.)

मुलीने मात्र पूर्ण कोर्सच करावा. त्यात २०० मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगत राहणे, उथळ पाण्यातली कौशल्ये आणि खुल्या समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरण्याचे प्रमाणपत्र मिळते आणि ते पुढे जगात कुठेही चालते. पाठाचा भाग तिने इंदुरातच ऑनलाइन संपवून नेला, तर बेटावर तीन पूर्ण दिवस पुरतील.

माझी पहिली डाइव्ह हॅवलॉकच्याच नेमो रीफला झाली. तिथे किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरता येते, होडीतून उडी मारावी लागत नाही. वहिनींसाठी तीच जागा मागून घ्या. खाली गेल्यावर प्रथम जाणवतो तो स्वतःच्या श्वासाचा आवाज, डब्यातून बोलल्यासारखा. पुढे कोर्सच्या शेवटच्या डाइव्हला बरेच खोल गेल्यावर हाताकडे सहज लक्ष गेले, तर सकाळी लावलेले लालभडक नेलपॉलिश काळपट तपकिरी दिसत होते. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, हे पुस्तकात वाचले होते. तरीही मी नख घासून पाहिले.

कर्णवेध :

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि दरवर्षी दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांनंतर अंदमानहून परतलेले दोन-तीन कान तरी माझ्याकडे येतात, म्हणून लिहितो. उतरताना दाबाचा सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो आणि कानाचे नुकसान बहुधा पहिल्या चार-पाच मीटरांत होते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, म्हणजे घसा आणि मधला कान यांना जोडणाऱ्या नळीतून कानात हवा जाते. ही क्रिया पाण्यात डोके जाताच सुरू करायची आणि दर अर्ध्या-पाऊण मीटरला करायची. कानात दडे बसण्याची वाट पाहिली, तर उशीर झालेला असतो, कारण तोपर्यंत ती नळी दाबाने मिटून गेलेली असते. जोर लावून फुंकू नये; थोडे वर यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा.

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करावी. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. गोळीचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा आत अडकते आणि ते दुखणे उतरतानाच्या दुखण्याहून वाईट असते.

तुमच्या फॉर्मबद्दल स्पष्टच सांगतो. त्यात ४५ वर्षांवरील व्यक्तींसाठी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि घराण्यातला हृदयविकार यांविषयी स्वतंत्र प्रश्न असतात, ते उगाच नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत आणि प्रवाहाविरुद्ध हातपाय मारण्याची वेळ आली की माणूस लवकर थकतो. रक्तदाब आटोक्यात असेल, तर तुमचे नेहमीचे डॉक्टर तपासून, गरज वाटल्यास ईसीजी काढून, कागद देतीलही. तो कागद इंदूरहूनच घेऊन निघा. बेटावर ऐनवेळी कोण देणार?

माळवी मुशाफिर :

डॉक्टरसाहेबांच्या दोन-तीन कानांपैकी एक कान माझा असू शकतो. मला सर्दी होती, पैसे भरलेले होते आणि फॉर्मवर मीही सगळीकडे ‘नाही’ लिहिले होते. त्या केंद्रावर एकामागून एक गट उतरवत होते, त्यामुळे शिकवणे खरोखरच पाच मिनिटांत आटोपले. खाली जाताना कानात कळ गेली, तेव्हा घाबरून मी अंगठा वर केला आणि फोटोसाठी आधी खूप अंगठे दाखवून झाले असल्याने प्रशिक्षकाने तो ‘सगळे ठीक’ असाच घेतला. वास्तविक पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’, आणि ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा व तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. अडचण असेल तर पंजा आडवा हलवून दुखणाऱ्या जागेकडे बोट दाखवायचे. हे मला नंतर कळले. वर आलो तेव्हा मास्कच्या तळाशी रक्तमिश्रित पाणी साचलेले होते आणि पुढचे तीन आठवडे डाव्या कानाने फोन घेता आला नाही. चूक एकट्या केंद्राची होती असे मी म्हणणार नाही, सही माझीच होती.

म्हणून केंद्र निवडताना एका प्रशिक्षकामागे किती जण, एवढेच आधी विचारा. वहिनींसाठी ‘एकास एक’ याखेरीज कोणतेही उत्तर स्वीकारू नका.

सराफ्यातला निशाचर :

दोनच गोष्टी. अंदमानात सूर्य फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि डाइव्हच्या होड्या भल्या सकाळी सुटतात, तेव्हा इंदूरच्या सराफ्यात मध्यरात्री भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांनी झोपेचे घड्याळ आठवडाभर आधीच बदलावे. दुसरे, वाळूत पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा सामानात घालू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

लोकमान्यनगरकर :

सर्वांचे मनापासून आभार. काल बसून क्रम पुन्हा आखला. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग चार रात्री हॅवलॉक, पाचव्या दिवशी शेवटची डाइव्ह, सहाव्या दिवशी फेरीने परत, सातवा दिवस सेल्युलर जेल आणि आठव्या दिवशी विमान. नॉर्थ बे रद्द केले. गृहस्थ थोडे नाराज झाले. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातो आहे आणि त्यांनी नको म्हटले तर मी स्नॉर्केल लावून वरूनच पाहीन. पत्नीने तलावावर जाण्यापूर्वी घरीच पाण्याने भरलेल्या टबात मास्क लावून सराव सुरू केला आहे; काल सात मिनिटांपर्यंत मजल गेली आणि घड्याळ धरून मुलगी उभी होती. एकच शंका उरली. मला वडिलांसारखी भरघोस मिशी आहे आणि मास्क त्यावर नीट बसत नाही, असे कुणीसे म्हणाले. पूर्ण काढावी लागेल का?

निळाई :

नाही, दादा. नाकाच्या लगेच खाली, जिथे मास्कची कड टेकते, तिथली बोटभरही नाही इतकी पट्टी कातरली तरी पुरते. माझ्या प्रशिक्षकालाही मिशी होती.