शब्दचर्चा : मुलगी ‘पळवली’, ‘वश केली’ की ‘भुलवून नेली’?

मूळ प्रश्न (रावपुरा, वडोदरा)

२०२३ साली आलेला ‘वश’ हा गुजराती चित्रपट आणि त्याच कथेवरून मार्च २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला हिंदी ‘शैतान’ हे दोन्ही आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. दोन्हींत मुलीची भूमिका जानकी बोडीवाला यांनीच केली असल्यामुळे त्यांची तुलनाही बरीच झाली. मंडळाच्या अंकासाठी मी प्रेक्षकांचे अभिप्राय एकत्र करीत आहे आणि ते करताना काही शब्दांपाशी अडलो आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथेचा गाभा असा आहे. एका कुटुंबाला अनोळखी माणूस भेटतो, त्यांच्या किशोरवयीन मुलीला काहीतरी खायला देतो आणि त्या क्षणापासून तिचे शरीर त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. पुढे तो त्यांच्याच घरात येऊन बसतो आणि मुलीला आपल्या हवाली करा, असे आईवडिलांना सांगतो. त्यांनी स्वतःच्या तोंडाने होकार द्यावा, हा त्याचा हट्ट असतो.

एका अभिप्रायात ही ‘अपहरणाची कथा’ आहे असे म्हटले आहे, दुसऱ्यात ‘पोरगी पळवण्याची’. तिसऱ्या बाईंनी त्यावर आक्षेप घेतला आहे की पळवली असे कसे म्हणावे, ती तर स्वतःच्या पायांनी निघाली होती. शिवाय ‘झपाटलेली मुलगी’, ‘अंगात आलेली मुलगी’, ‘अघोरी चित्रपट’, ‘भयानक चित्रपट’, ‘अंगावर येणारा चित्रपट’ असे प्रयोगही आहेत. यांपैकी कोणते जसेच्या तसे ठेवावेत आणि कोणते लिहिणाऱ्याला विचारून बदलावेत, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद (दांडिया बाजार)

पहिल्या शंकेपुरते उत्तर देतो, कारण माझे आयुष्य न्यायालयाच्या कागदपत्रांत गेले आहे. ज्या बाईंनी ‘ती स्वतःच्या पायांनी निघाली’ असे लिहिले, त्यांचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यामुळे अपहरण होत नाही हा निष्कर्ष बरोबर नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये अल्पवयीन मुलाला पालकाच्या ताब्यातून ‘नेणे’ आणि ‘भुलवून नेणे’ हे दोन्ही एकाच पंक्तीला बसवलेले होते आणि त्यात मुलाची स्वतःची इच्छा विचारातच घेतलेली नव्हती. विचार होता तो पालकाच्या संमतीचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्येही हीच रचना आहे. कायद्याच्या हिंदी पाठात या गुन्ह्याला ‘व्यपहरण’ म्हणतात आणि बळजबरीने किंवा फसवून एखाद्याला एका जागेवरून हलवणे याला ‘अपहरण’. बोलताना आपण हा भेद पाळत नाही आणि अभिप्रायात तो पाळण्याचे कारणही नाही.

या कथेतील खरा पेच निराळा आहे. तो माणूस पालकांची संमतीच मागतो, म्हणजे ज्या एका गोष्टीच्या अभावामुळे गुन्हा सिद्ध व्हायचा, तीच गोष्ट तो आधी हस्तगत करू पाहतो. मला विचाराल तर लेखकाने कायदा वाचून खलनायक घडवला असावा. अर्थात भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, हे जुन्या संहितेच्या कलम ९० मध्ये होते आणि नव्या संहितेच्या कलम २८ मध्येही आहे. त्यामुळे बापाच्या तोंडून ‘घेऊन जा’ हे शब्द निघाले तरी न्यायालयात ते टिकणार नाहीत. ‘अपहरण’ हा शब्द निःशंकपणे ठेवावा.

जाता जाता एक सांगतो. मराठीत ‘अपहार’ आणि ‘अपहरण’ हे एकाच धातूपासून आलेले असूनही आपण पैशांचा अपहार म्हणतो आणि माणसाचे अपहरण म्हणतो. एका अभिप्रायात ‘मुलीचा अपहार’ असे असल्यास तेवढे मात्र दुरुस्त करावे, नाहीतर पतसंस्थेच्या बातमीसारखे वाटेल.

प्रतिसाद (बाबाजीपुरा)

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली, मी व्युत्पत्तीची मांडतो. चित्रपटाच्या नावातील ‘वश’ या शब्दाकडे आपण ताबा या एकाच अर्थाने पाहतो. संस्कृतात मात्र ‘वश्’ या धातूचा अर्थ इच्छा करणे असा आहे आणि ‘वश’ या नामाचा पहिला अर्थही इच्छा हाच आहे. ज्याची इच्छा चालते त्याची सत्ता चालते, या वाटेने तो शब्द पुढे अधिकार आणि ताबा या अर्थांवर आला. ‘वशीकरण’ या रूपातील दीर्घ ‘शी’ व्याकरणदृष्ट्या महत्त्वाची आहे, कारण जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे हा अर्थ तिच्यामुळे येतो. म्हणजे जी व्यक्ती आधी कोणाच्या इच्छेखाली नव्हती, तिला दुसऱ्याच्या इच्छेखाली आणणे हे वशीकरण होय.

हा अर्थ लक्षात घेतला की याच कुळातील शब्द या चित्रपटातील माणसांना नेमके वाटून देता येतात. मुलगी ‘परवश’ आहे, कारण तिच्या हातापायांवर दुसऱ्याची इच्छा चालते. आईवडील ‘विवश’ आहेत, कारण त्यांच्या अंगावर कोणाचाही ताबा नसून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नाही. माझ्या हाती आलेल्या दोन अभिप्रायांत बापालाही ‘वश झालेला’ म्हटले आहे. ते चूक आहे आणि या चुकीमुळे कथेची सगळी धार जाते, कारण बाप शुद्धीवर असतो, पूर्ण भानावर असतो, आणि मुलगी देऊ की नको याचा निर्णय त्याला स्वतःच्या बुद्धीने करावा लागतो. हिंदीतील ‘बेबस’ यातला ‘बस’ हाही वशाचाच अपभ्रंश आहे. ‘अवश्य’ म्हणजे जे आपल्या इच्छेवर अवलंबून नाही ते, म्हणून टाळता न येणारे. ‘वशिला’ मात्र या घराण्यातला नाही. तो अरबीतून फारसीमार्गे आला आहे, जरी व्यवहारात त्याचे काम वशीकरणासारखेच चालते.

आता थोडे विषयाला धरूनच पुढे जातो. तंत्रग्रंथांत सहा अभिचारकर्मे, म्हणजे मंत्रतंत्राचे प्रयोग, सांगितली जातात : शांती, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. यांतील कितीतरी शब्द आपल्या सभ्य मराठीत बिनबोभाट वावरत आहेत. प्रेक्षक पडद्यापुढे ‘स्तंभित’ होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावात अनिष्ट प्रथांचे ‘उच्चाटन’ आहे, म्हणजे जादूटोण्याला हाकलण्यासाठी जादूटोण्याच्याच कोशातला शब्द योजला गेला. नाटक उत्तम रंगले की आपण ‘मंत्रमुग्ध’ होतो, गायकाचा स्वर ‘मोहिनी’ घालतो, व्याख्यान ऐकून ‘भारावून’ जातो, तर इकडे मांत्रिक लाडू ‘भारून’ देतो. ‘मनोहर’ या निरुपद्रवी विशेषणातही ‘अपहरण’ शब्दातलाच ‘हृ’ धातू आहे आणि त्याचा अर्थ मन हरण करणारा असाच होतो.

म्हणून संपादकांना माझी एक सूचना आहे. या एका चित्रपटाच्या बाबतीत ‘मंत्रमुग्ध झालो’, ‘भारावलो’, ‘झपाटून गेलो’ असे स्तुतीचे शब्द अभिप्रायात आले असतील तर लिहिणाऱ्याला तसेच म्हणायचे आहे का, हे एकदा विचारून घ्यावे. ज्या कथेत भारलेला घास खाऊन एक मूल आपली इच्छा गमावते, तिच्याविषयी ‘भारावलो’ असे लिहिले की वाचणाऱ्याला हा विनोद आहे की प्रशंसा, हे कळत नाही.

प्रतिसाद (मांजलपूर)

काकांचे विवेचन वाचले. ‘झपाटलेली’ आणि ‘अंगात आलेली’ यांविषयी माझा आक्षेप अधिक कडक आहे, आणि तो स्तुतीपुरता नाही. मराठीत झपाटणे, पछाडणे, बाधा होणे यांना भूत, समंध, हडळ असा एखादा कर्ता लागतो. अंगात येणे याला देव किंवा देवी लागते. या कथेत मुलीच्या शरीरात कोणीही शिरलेले नाही. ती आतून स्वतःच आहे, तिला सर्व कळते आहे, आपण काय करतो आहोत हे ती पाहते आहे, फक्त ते थांबवणे तिच्या हाती नाही. गुजरातीतही ‘वळगाड’ म्हणजे भूत चिकटणे आणि ‘धूणवुं’ म्हणजे अंगात येऊन घुमणे हे शब्द असताना चित्रपटाला त्यांपैकी कोणताही न देता ‘वश’ हे नाव दिले गेले, ते जाणूनबुजून असावे असे मला वाटते. माझ्या शेजारच्या गुजराती मावशींनी त्याला ‘कामण’ म्हटले, जे आपल्या ‘करणी’च्या जवळ आहे आणि निदान कर्ता माणूस आहे हे तरी त्यात स्पष्ट होते.

‘अंगावर येणारा चित्रपट’ हा प्रयोग मात्र जरूर ठेवावा. ‘अंगात येणे’ आणि ‘अंगावर येणे’ यांत केवळ एका प्रत्ययाचा फरक असला तरी पहिल्यात माणूस स्वतःचा उरत नाही आणि दुसऱ्यात तो पूर्ण भानावर राहून मार खातो. प्रेक्षकाची अवस्था दुसरीच होती.

प्रतिसाद (प्रतापनगर)

मी केवळ भीतीच्या शब्दांपुरते लिहिते.

‘भयानक’ हा शब्द शास्त्राने चोख आहे. नाट्यशास्त्रातील आठ रसांपैकी तो एक आणि त्याचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय. परंतु आजच्या बोलीत ‘चित्रपट भयानक होता’ म्हटले तर चांगला घाबरवणारा होता की तद्दन वाईट होता, याचा उलगडा होत नाही, आणि ‘भयंकर’ तर ‘भयंकर आवडला’ इथपर्यंत जाऊन पोहोचला आहे. प्रकार सांगायचा असेल तर ‘भयपट’ हा रुळलेला शब्द आहे. परिणाम सांगायचा असेल तर ‘भयावह’ अजून बराचसा शाबूत आहे, तो वापरावा. ‘अलौकिक’ हा शब्द एका अभिप्रायात भुताटकीच्या अर्थी आला आहे, तो ‘अमानवी’ करावा. अलौकिक प्रतिभा असते, अलौकिक त्याग असतो, मांत्रिकाला तो मान देऊ नये.

भीतीच्या क्रियापदांत मात्र मराठी श्रीमंत आहे आणि अभिप्राय लिहिणाऱ्यांनी तिचा उपयोग कमी केला आहे. दचकणे क्षणाचे असते : दार आपटते, आपण दचकतो आणि लगेच स्वतःला हसतो. धास्ती ही पुढे होणाऱ्या गोष्टीची असते. धसका हा होऊन गेलेल्या गोष्टीचा असतो आणि तो घरी सोबत येतो. ‘वश’मध्ये दचकण्याचे प्रसंग तुलनेने थोडे आहेत. तरुण मुलांनी ‘फारसे दचकलो नाही, म्हणून चित्रपट फसला’ असे लिहिले आहे आणि पालकांनी ‘मुलीला एकटीने दुकानात पाठवायचा धसका घेतला’ असे लिहिले आहे. ही मते परस्परविरोधी वाटली तरी दोघांनी दोन वेगळ्या भीती मोजल्या आहेत, आणि दोघांच्या वाक्यांत एकच ‘घाबरलो’ घातला असता तर हे दिसले नसते. आईच्या बाबतीत आणखी एक शब्द हवा होता, तो कोणीच वापरलेला नाही : ‘पोटात कालवणे’. त्यात भीती आणि माया वेगळ्या काढता येत नाहीत.

‘अघोरी’विषयी मत द्विधा आहे. मूळ ‘अघोर’ म्हणजे जे घोर नाही, सौम्य आहे ते, आणि ते शिवाचे नाव आहे. मराठीत मात्र शब्द अगदी उलट्या अर्थाला स्थिरावला आणि जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावातही त्याच अर्थाने बसला. आता त्याला मागे ओढण्यात अर्थ नाही. मांत्रिकाच्या कृत्याला अघोरी म्हणावे, चित्रपटाला म्हणू नये.

मूळ प्रश्नकर्ता (रावपुरा)

सर्वांचा आभारी आहे. ‘अपहरण’ ठेवतो आहे. ‘पळवली’ हा शब्द ज्या दोघांनी वापरला आहे त्यांना ‘भुलवून नेली’ किंवा वर्तमानपत्री मराठीतले ‘फूस लावून नेली’ असा पर्याय सुचवला. त्यांपैकी एकाने ‘फूस’ नाकारला, कारण फूस लावण्यासाठी समोरच्याला थोडीतरी लालूच वाटावी लागते आणि या मुलीला कशाचीच लालूच वाटलेली नव्हती, तिने फक्त पाहुण्याने दिलेला घास नाकारला नाही. हे म्हणणे मला पटले, म्हणून तिथे ‘भुलवून नेली’ घातले. मांजलपूरच्या ताईंच्या आक्षेपावरून ‘झपाटलेली’ या जागी बाबाजीपुऱ्याच्या काकांनी सुचवलेले ‘परवश’ केले आहे आणि बापासाठी ‘विवश’. ‘मंत्रमुग्ध’ लिहिणाऱ्या गृहस्थांना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी तो शब्द जाणूनच वापरला असल्याचे सांगितले आणि काढू नये अशी विनंती केली, त्यामुळे तो अंकात राहील.

एक शंका अजून सुटलेली नाही. शेवटी बापाच्या तोंडून जो होकार मागितला जातो त्याला अभिप्रायांत ‘परवानगी’, ‘संमती’ आणि ‘कन्यादान’ असे तीन शब्द आले आहेत. तिसरा शब्द लिहिणाऱ्या आजींनी त्याखाली रेघ ओढली आहे. तो छापावा की नाही, यावर रविवारपर्यंत मत कळवावे.