टॉम जोड सुधारला म्हणे!

रानवाट_विटा: काल इथंच कुणीतरी लिहिलं की स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' कादंबरीतला टॉम म्हणजे माणूस कसा घडतो याचा नमुना. डोकंच उठलं. नाचात भांडण, समोरच्याला फावड्यानं मारलं, सात वर्षांची शिक्षा, चार वर्षांत पॅरोल. शेवटाकडं आणखी एकाच्या डोक्यात दांडकं. एकाचे दोन खून झाले, म्हणजे वाढ आहे खरी.

मीरा_सातारा: खून मोजलेत, पानं वाचलेली दिसत नाहीत. पीचच्या बागेत पेटीला पाच सेंट मिळतात म्हणून जोडांचं सगळं घर खूश. रात्री टॉम तारेखालून बाहेर सरकतो, तेव्हा त्याचा जुना सोबती, उपदेशकी सोडलेला केसी सांगतो की आम्हाला अडीच देत होते, म्हणून संप. तुम्हाला पाच देतात ते संप मोडायला. त्यावर टॉमचं उत्तर काय? आज आमच्यात मटण शिजलं, बाप ते दुसऱ्यासाठी सोडायचा नाही. तिथपासून पुढचा टॉम बघा.

ऊसवाला_वाळवा: मजुरांचं कौतुक आमच्यापुढं नको. ऊसतोड टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, दिल्याशिवाय उसाच्या फडाला कोयता लागत नाही, ड्रायव्हरची एन्ट्री, म्हणजे त्याचे वरचे पैसे, वेगळी. मेव्हण्यानं कर्जानं ट्रॅक्टर घेतला, टोळी आणणाऱ्या मुकादमाला सात लाख आगाऊ उचल दिली. मुकादम फोन बंद करून गायब! त्याच्यावर लिहा की कादंबरी.

शिवार_बीड: पळाला मुकादम आन् शिव्या टोळीला? माझे आई-बाप बारा हंगाम तुमच्याच भागात. पहाटं चारला फडात, मी ट्रॉलीखाली साडीच्या झोळीत. बाप तापानं एक दिवस पडला तर खाडा लावला, उचलीत धरला.

ऊसवाला_वाळवा: खाडा मुकादम लावतो, शेतकरी नव्हे.

शिवार_बीड: मग खुशालीतला वाटा कोण खातो, तेबी इचारा त्यालाच.

रानवाट_विटा: अहो, धागा टॉमचा आहे. ऊस घाला चुलीत.

मीरा_सातारा: विट्याच्या माणसानं हे बोलावं! गलाईपायी, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी, तुमच्याकडची घरंच्या घरं परमुलखात गेली. आमचे माण तालुक्यातले आजोबा मुंबईत हमाल. १९६९ चा माथाडी कायदा येईपर्यंत हमालांचा ठेकेदार, टोळीवाला, टेकवेल ती मजुरी.

रानवाट_विटा: आजोबांनी कुणाचं डोकं फोडलं का? नाही ना? मग झालं.

मीरा_सातारा: टोळीवाल्यावर हूक उगारला होता. आजीनं हात धरला. म्हातारपणी एक दिवस म्हणायचे, बरं झालं धरलास. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, उगाच धरलास.

रानवाट_विटा: ...बरं. केसीला डोळ्यांदेखत मारल्यावर टॉमचा तोल गेला, तो राग. त्याला मी वाढ म्हणणार नाही. नंतर झुडपात लपून आईशी बोलतो तेव्हा तो घरापलीकडचं बघायला लागलाय, एवढं मान्य. खून वजा करून! आणि 'नमुना' हा शब्द मागे घ्या.

मीरा_सातारा: मी लिहिलाच नव्हता. उपकार झाले.

ऊसवाला_वाळवा: शिवार, तुमची टोळी कुठल्या गावाला उतरायची? आमच्या विहिरीवर टोळीच्या बायका घागरी घेऊन आल्या की चुलते मोटरीच्या पेटीला कुलूप घालायचे. किल्ली माझ्या चड्डीच्या खिशात असायची. सहावीत होतो. खुशालीचं मात्र मी सोडणार नाही.

शिवार_बीड: गाव सांगत न्हाई. कुलूप ध्यानात हाये.