फर्मवेअर बदलल्यावर ॲम्पचा आवाज खरोखर बदलला का, हे कसे तपासावे?

सहावी_तार

माझ्याकडे गिटारचा ॲम्प आणि इफेक्ट्स एकाच यंत्रात असलेला डिजिटल प्रोसेसर आहे. त्याच्या फर्मवेअरची (यंत्रातल्या अंतर्गत सॉफ्टवेअरची) नवी चाचणी आवृत्ती मी नुकतीच टाकली. बदलांच्या यादीत ॲम्पच्या मॉडेलविषयी अवाक्षरही नाही, तरीही माझा नेहमीचा क्रंच प्रीसेट (थोड्या खरखरीत आवाजाची साठवलेली मांडणी) मला पूर्वीपेक्षा पातळ वाटतो. तक्रार नोंदवण्याआधी खात्री करावी म्हणून मी एकच डीआय ट्रॅक (ॲम्प-इफेक्ट्सविना थेट रेकॉर्ड केलेली गिटार) यूएसबीवरून आधी जुन्या आणि मग नव्या फर्मवेअरमधून रीॲम्प केला (म्हणजे प्रोसेसरमधून पुन्हा वाजवला), दोन्ही रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर घेतली, एकाची पोलॅरिटी उलटवली (लहरीचे चढउतार उलटे केले) आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले. दोन्ही सारखे असते तर शांतता मिळायला हवी होती; प्रत्यक्षात बऱ्यापैकी मोठा, चिरका आवाज उरतो. प्रीसेटमध्ये नॉइज गेट (शांततेतली खरखर बंद करणारा), ॲम्प, कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाचा नमुना), कोरस (आवाज किंचित डोलवून दाट करणारा इफेक्ट) आणि थोडा रिव्हर्ब (घुमारा) आहे. एवढ्या पुराव्यावर ॲम्पचे मॉडेल बदलले असे म्हणता येईल का?

शून्याच्या_शोधात

नाही. नव्याची जुन्याशी तुलना करण्याआधी जुन्याची जुन्याशीच तुलना करावी लागते, आणि ती पायरी आपल्याकडून राहून गेली आहे. जुन्याच फर्मवेअरवर तोच ट्रॅक दोनदा रीॲम्प करून एकमेकांतून वजा केला, तर जे काही उरते ती आपल्या चाचणीची तळरेषा होय. त्या रेषेच्या खाली काय घडते, हे ही पद्धत सांगू शकत नाही.

आपल्या प्रीसेटमध्ये ही तळरेषा फार वर असणार, असा माझा अंदाज आहे, आणि त्याचे कारण कोरस. कोरसमधला एलएफओ (आवाज सावकाश डोलवणारा अंतर्गत दोलक) सहसा स्वतःच्या गतीने फिरत राहतो. आपण रेकॉर्डिंग कधी सुरू केले याच्याशी त्याला देणेघेणे नसते. त्यामुळे एकाच फर्मवेअरवरच्या दोन फेऱ्यासुद्धा परस्परांना रद्द करत नाहीत. ज्या रिव्हर्बमध्ये मॉड्युलेशन (असेच डोलणे) असते त्यांचेही तेच. हे दोन्ही ब्लॉक बंद करून पुन्हा पाहावे. ट्रॅकच्या आरंभी काही सेकंद शांतता ठेवावी, म्हणजे गेट आणि ॲम्पच्या सॅगचे (जोरात वाजवल्यावर आवाज किंचित दबण्याचे) गणित प्रत्येक वेळी एकाच स्थितीतून सुरू होईल.

चिरकेपणाबद्दल मला दुसरीच शंका आहे. दोन ट्रॅक एका सॅम्पलने (सेकंदाला होणाऱ्या ४८,००० मोजण्यांपैकी एकीने) जरी मागेपुढे झाले, तरी ४८ किलोहर्ट्झवर १ किलोहर्ट्झचा स्वर मूळ पातळीच्या जेमतेम १८ डेसिबल खाली जातो, आणि १० किलोहर्ट्झचा स्वर तर रद्द होण्याऐवजी मूळपेक्षा सुमारे २ डेसिबल मोठाच होतो. म्हणून डीआयच्या सुरुवातीला एक टिकटिक टाकावी, सगळे ब्लॉक बायपास करून (वगळून) तिची जागा दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये पाहावी आणि ट्रॅक त्यानुसार सरकवावा. नव्या आवृत्तीत एखाद्या ब्लॉकचे ओव्हरसॅम्पलिंग (आतली गणना जास्त मोजणी-दराने करणे) बदलले असेल, तर फरक अपूर्णांकात येऊ शकतो आणि मग पूर्ण सॅम्पलने सरकवून भागत नाही. पातळीही तितकीच काटेकोर जुळवावी, केवळ ०.१ डेसिबलची तफावत असली तरी उरलेला आवाज मूळच्या साधारण ३९ डेसिबल खाली येऊन थांबतो आणि त्याहून खोल जात नाही.

हिरवा_दिवा

वरील पद्धत योग्यच आहे, पण तिची एक मर्यादा लक्षात असावी. यूएसबीवरून रीॲम्प करताना सिग्नल यंत्राच्या इनपुट जॅकमधून जातच नाही. पॅसिव्ह पिकअपचा (तारांचे कंपन टिपणाऱ्या, बॅटरीविना चालणाऱ्या भागाचा) वरचा टोन इनपुट इम्पिडन्सवर (जॅककडून सिग्नलला होणाऱ्या विद्युत विरोधावर) बराच अवलंबून असतो: १ मेगाओमवर तो खुला राहतो, काही दशक किलोओमवर बोथट होतो. ज्या यंत्रांत इम्पिडन्स प्रीसेटप्रमाणे बदलतो, तिथे नव्या फर्मवेअरने हा भाग बिघडवला तरी आपले दोन ट्रॅक निमूटपणे एकमेकांना रद्द करतील आणि आपण ‘काही बदललेले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढाल. त्यासाठी गिटार प्रत्यक्ष लावून, व्हॉल्यूम नॉब पूर्ण उघडा आणि अर्धा अशा दोन्ही स्थितींत वाजवून पाहण्याला पर्याय नाही. तिथे कानावर विसंबायचे, तर कोणती आवृत्ती आहे हे न कळता ऐकावे. १६ फेऱ्यांत किमान १२ उत्तरे बरोबर आली, तर ती निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. अर्थात फर्मवेअर पुन्हा पुन्हा बदलून अशी चाचणी घेणे अव्यवहार्य आहे, त्यामुळे ध्वनिमुद्रित तुकड्यांवरच ती घ्यावी लागते, हे मी मान्य करतो.

जुना_प्रीसेट

एक भर घालतो. जुन्या आवृत्तीवर परतण्यापूर्वी नव्या आवृत्तीत सेव्ह केलेले प्रीसेट वेगळे काढून ठेवावेत. पुष्कळ यंत्रांत ते जुन्या फर्मवेअरवर उघडत नाहीत. प्रीसेटच्या बॅकअपमध्ये ग्लोबल (सगळ्या प्रीसेटना लागू होणारी) सेटिंग्ज येतातच असे नाही, तीही पडताळून पाहावीत.

सहावी_तार

सर्वांचे आभार. जुन्याची जुन्याशी तुलना केली आणि तिथेच निम्मा उलगडा झाला: कोरस चालू असताना एकाच फर्मवेअरच्या दोन फेऱ्याही रद्द होत नव्हत्या. कोरस आणि रिव्हर्ब बंद करताच उरलेला आवाज उणे ९० डेसिबलच्या खाली गेला. त्यानंतर जुने आणि नवे पुन्हा ताडून पाहिले, तेव्हा टिकटिक बरोबर एका सॅम्पलने पुढे आढळली. ट्रॅक तेवढा सरकवल्यावर चिरका आवाज नाहीसा झाला, मात्र खालच्या वारंवारतांचा एक गुरगुराट शिल्लक राहिला. एकेक ब्लॉक बायपास करत गेलो. ॲम्प आणि कॅबिनेटसुद्धा बंद केले, तरी तो हटेना. म्हणजे दोष प्रीसेटच्या बाहेर असणार, हे उघड होते. ग्लोबल ईक्यू (टोनचे नियंत्रण) उघडून पाहिला, तर मी पूर्वी बंद ठेवलेला लो कट (खालच्या वारंवारता कापणारा फिल्टर) अद्ययावतीकरणानंतर चालू झालेला होता.

तो बंद केल्यावर उरलेला आवाज पुन्हा तळरेषेपर्यंत खाली गेला. तेव्हा पातळपणा माझ्या कानांचा भ्रम नव्हता, पण ॲम्पचे मॉडेलही निर्दोष होते. तक्रार आता ‘अद्ययावतीकरणात ग्लोबल ईक्यूची स्थिती बदलते’ एवढ्याच शब्दांत, दोन्ही ट्रॅक आणि सेटिंग्जची फाइल जोडून पाठवली आहे. इनपुट इम्पिडन्सची चाचणी अद्याप बाकी आहे. डीआय ट्रॅकऐवजी गिटार थेट जॅकमध्ये लावून ती करणार आहे.